चार होकार, आणि नांदायचं बाकी

नॉर्वेच्या ऑस्लो फिलहार्मोनिक या वाद्यवृंदापुढे फिनलंडचा तरुण कंडक्टर क्लाउस मॅकेला पहिल्यांदा उभा राहिला तो मे 2018 मध्ये. ऑक्टोबरमध्ये त्याच ऑर्केस्ट्राने जाहीर करून टाकलं की आमचा पुढचा प्रमुख कंडक्टर हाच. वय 22. पॅरिसच्या ‘ऑर्केस्त्र द पारी’ने जून 2019 मध्ये पहिल्यांदा बोलावलं आणि जून 2020 मध्ये खुर्ची देऊ केली. ॲमस्टरडॅमच्या रॉयल कॉन्सर्टगेबाऊ ऑर्केस्ट्राने सप्टेंबर 2020 मध्ये पाहिलं, जून 2022 मध्ये होकार कळवला. शिकागो सिंफनीची पहिली भेट एप्रिल 2022 मधली आणि घोषणा 2 एप्रिल 2024 ची. तोवर तो तिथे दोनदाच जाऊन आला होता. त्या दिवशी त्याचं वय 28.

आपल्याकडे कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलगा पसंत पडला तरी घरचे चार दिवस मागून घेतात, चौकशी करतात. इथे जगातल्या चार नामवंत वाद्यवृंदांनी जवळपास पहिल्या बशीतच हो म्हटलं. हे प्रकरण मला त्या वेगासाठी पाहावंसं वाटतं. एका आठवड्यात या मुलात असं काय दिसतं? आणि जे आठवड्यात दिसतं, तेच दहा वर्षं पुरतं का?

एक खुलासा आधीच. कंडक्टर म्हटलं की आपल्याला एसटी आठवते आणि ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीच्या मांडवापुढची हिंदी गाणी. इथे मी बोलतोय तो 80-100 वादकांचा पाश्चात्त्य अभिजात वाद्यवृंद आणि त्याच्यापुढे छडी घेऊन उभा राहणारा माणूस. सबंध मंचावर एकही स्वर न वाजवणारा तोच एकटा.

तालीम कुठली

मॅकेला 17 जानेवारी 1996 चा, हेलसिंकीचा. वडील चेलोवादक, आई पियानोवादक. स्वतःही चेलो वाजवतो, अजूनही मैफलींत वाजवतो. लहानपणी फिनलंडच्या राष्ट्रीय ऑपेराच्या बालवृंदात गायचा आणि तिथून समोरच्या कंडक्टरकडे त्याचं लक्ष गेलं. बाराव्या वर्षी सिबेलियस अकादमीत योर्मा पानुलांच्या हाताखाली शिकायला लागला.

पानुलांना ओळखल्याशिवाय हे प्रकरण नीट कळत नाही. 1930 मध्ये जन्मलेले हे गुरुजी 1973 पासून वीस वर्षं त्या अकादमीत प्राध्यापक होते, आणि त्यानंतरही शिकवत राहिले. एसा-पेक्का सालोनेन, युक्का-पेक्का सारास्ते यांच्यापासून ते 2000 साली जन्मलेल्या तार्मो पेल्टोकोस्कीपर्यंत शिष्यांची रांगच आहे. फिनलंडची लोकसंख्या सुमारे 55 लाख, म्हणजे पुणे जिल्ह्याहूनही कमी. तिथून एवढे कंडक्टर निघतात याला घराणं म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

या घराण्याची पद्धत साधी आणि कठोर. विद्यार्थ्याला आरशापुढे हात हलवायला लावायचे नाहीत, पहिल्या दिवसापासून खऱ्या वादकांपुढे उभं करायचं. त्याचं चित्रीकरण करायचं आणि नंतर ते त्यालाच दाखवायचं. गुरुजी बोलणार कमी. विद्यार्थ्यानेही तालमीत भाषण द्यायचं नाही, जे सांगायचं ते हाताने. वादक स्वतः वाजवू शकतात, त्यांच्या वाटेत येऊ नये, हा पहिला धडा. बाराव्या वर्षापासून हे करणारा मुलगा बावीसाव्या वर्षी ऑस्लोत आला तेव्हा त्याच्या गाठीला दहा वर्षांचा रियाज होता. ‘एवढा लहान!’ म्हणून जे आश्चर्य चाललं होतं, त्यातलं निम्मं तरी इथेच विरतं.

एका आठवड्यात काय दिसतं

पाहुण्या कंडक्टरचा आठवडा सगळीकडे साधारण सारखाच. तीन-चार दिवस तालमी, मग दोन-तीन कार्यक्रम, मग विमान. मुंबईच्या रसिकाला ही रीत ठाऊक आहे. 2006 मध्ये एनसीपीए या कलाकेंद्रात सुरू झालेल्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या हंगामांत आपण बहुतेक वेळा पाहुणे कंडक्टरच ऐकतो. नरिमन पॉइंटला बसून पहिल्या आठवड्याचं कंडक्टिंग ऐकायची आपल्याला चांगली सवय आहे. एकाच माणसाचं एकाच ऑर्केस्ट्राबरोबरचं पंधरावं वर्ष कसं ऐकू येतं, हे मात्र आपल्याला रेकॉर्डवरच भेटतं.

त्या आठवड्यात वादक काय पाहतात? मुख्यतः हा माणूस आपला वेळ फुकट घालवतो की नाही, ते. सोमवारी सकाळी शंभर अनुभवी माणसं वाद्यं जुळवून बसलेली असतात. त्यांतल्या काहींनी समोरची सिंफनी, म्हणजे अनेक भागांची मोठी वाद्यरचना, चाळीस वेळा वाजवलेली असते. कंडक्टर विनाकारण थांबवायला लागला, किंवा संगीत सोडून कथा सांगायला लागला, की दहाव्या मिनिटाला खांदे पडतात. मॅकेला इथे पहिल्या श्रेणीत पास होतो. बोलणं मोजकं आणि सौजन्याचं, थांबवणं कमी. हाताची खूण इतकी स्पष्ट की शेवटच्या रांगेतल्या ट्रॉम्बोनवाल्यालाही शंका राहू नये. आणि तो स्वतः तंतुवादक असल्यामुळे गजाविषयी बोलतो तेव्हा ते घरातल्या माणसाचं बोलणं असतं. गजाचा कुठला भाग वापरला, किती दाब दिला, यावर ऑर्केस्ट्राचा रंग ठरतो. बाहेरून पियानोवर शिकून आलेल्या कंडक्टरला हे पुस्तकातून शिकावं लागतं.

मंचावरचं त्याचं रूप निराळं. तालमीतला शांत मुलगा कार्यक्रमात सगळं अंग वापरतो. पुढे झेपावतो, गुडघ्यातून उसळतो, डावा हात हवेत काहीतरी घडवत राहतो, चेहऱ्यावर हसू. काहींना हे नाटकी वाटतं. मला स्वतःला चित्रफीत पाहताना कधी कधी डोळे मिटून घ्यावेसे वाटतात, कारण हात जे सांगतो ते कानाला आधीच कळलेलं असतं. पण वादकांना हा माणूस आवडतो आणि ते त्याच्यासाठी जीव ओतून वाजवतात, यात शंका नाही. आवाजातच ते ऐकू येतं.

पसंतीमागे दोन्ही घरच्यांची निकडही होती, ती सांगायलाच हवी. ॲमस्टरडॅमची प्रमुख खुर्ची 2018 पासून रिकामी होती. शिकागोत रिकार्डो मुतींचा 2010 पासूनचा कार्यकाळ 2023 मध्ये संपला होता आणि जागेवर कुणी आलेलं नव्हतं. चांगलं स्थळ दुसरीकडे जमून जाईल ही धास्ती फक्त वधूपित्यालाच असते असं नाही.

जागा आणि बढत

आता मुद्द्याचं. डेक्का या ध्वनिमुद्रण कंपनीने त्याला करारबद्ध केलं आणि पहिलाच संच काढला तो फिनलंडचा संगीतकार सिबेलियस याच्या सातही सिंफन्यांचा, ऑस्लो फिलहार्मोनिकबरोबर. 2022 मध्ये तो बाहेर आला. पंचविशीतल्या माणसाने पहिल्याच संचात सगळा सिबेलियस करणं म्हणजे नवख्या गायकाने पहिल्याच मैफलीत दरबारीने सुरुवात करण्यासारखं. हिंमत दांडगी.

पाचव्या सिंफनीचा पहिला भाग घेऊ. सिबेलियसने ही सिंफनी स्वतःच्या पन्नासाव्या वाढदिवशी, 8 डिसेंबर 1915 ला, हेलसिंकीत पहिल्यांदा सादर केली. तेव्हा तिचे चार भाग होते. नंतर तो ती सोडवत-बांधत राहिला आणि 1919 मध्ये तिला कायमचं रूप दिलं. या दुरुस्त्यांत त्याने पहिले दोन भाग एकमेकांत वितळवले. संथ लयीत सुरू झालेलं संगीत तेरा-चौदा मिनिटांनी भरधाव संपतं, आणि वेग नेमका कुठे बदलला हे ऐकणाऱ्याला बोट ठेवून सांगता येऊ नये, अशी रचना. बडा ख्याल कुठे संपला आणि द्रुत कधी सुरू झाली हे कळूच नये, असं काहीसं. आपल्या मैफलीत निदान तबलजी ठेका बदलतो. इथे ठेका बदललेला दिसताच कामा नये.

या भागाच्या मध्यावर एक जागा आहे. तंतुवाद्यं खाली कुजबुजत सरपटत राहतात आणि त्यावर बसून एकटा, रडवेला स्वर काढतो. (बसून म्हणजे लाकडी सुषिर वाद्य, बूड टेकून बसणं नव्हे.) मॅकेलाच्या ध्वनिमुद्रणात ही कुजबुज मला इतकी खाली गेलेली वाटते की हेडफोन लावूनही आवाज वाढवावासा वाटतो, आणि वाढवला की कळतं, प्रत्येक स्वर जागच्या जागी आहे. पोत, अंधार, दूरवरून येणारा बसून. जागा म्हणून विचाराल तर अप्रतिम. मैफलीत हमखास ‘वाह’ यावी अशी.

त्यानंतर ज्या चढणीवरून संगीत पहिल्या लयीतून दुसऱ्या लयीत लोटतं, तिथे मात्र मला सांधा ऐकू येतो. आधीचं सुंदर, नंतरचं सुंदर, आणि मध्ये एक उंबरठा. पाय उचलून टाकावा लागतो.

अनेक समीक्षकांची तक्रार फिरून याच ठिकाणी येते. क्षण देखणे, सलग धागा ढिला. आपल्या भाषेत सांगायचं तर जागा भरपूर, बढत कमी. जागा घेणं ही गळ्याची तयारी. ती तरुणपणी येते, किंबहुना तरुणपणीच येते. बढत म्हणजे पहिल्या स्वराच्या वेळी शेवटचा स्वर ठाऊक असणं. पाऊण तासाच्या रागात कुठे थांबायचं नाही, कुठली सुंदर जागा घ्यायची नाही, हे कळणं.

पण ही तक्रार त्याच्या सगळ्या कामाला सरसकट लावली तर अन्याय होईल. पॅरिसच्या ऑर्केस्ट्राबरोबर त्याने रशियन संगीतकार स्ट्राविन्स्कीचे बॅले, म्हणजे नृत्यनाट्यांचं संगीत, केले आहेत. 2023 मध्ये ‘राइट ऑफ स्प्रिंग’ आणि ‘फायरबर्ड’, पुढच्या वर्षी ‘पेत्रुश्का’. ‘राइट’ 29 मे 1913 ला पॅरिसमध्येच पहिल्यांदा वाजलं, प्रेक्षकांत गोंधळ झाला, ते सगळं सर्वश्रुत आहे. त्या संगीताची बांधणीच तुकड्यातुकड्यांची. एक ठोकळा संपतो, कापल्यासारखा थांबतो, दुसरा सुरू होतो. इथे सांधा लपवायचा नाहीच. उलट जेवढा उघडा, तेवढी मजा. ‘पेत्रुश्का’तली जत्रा म्हणजे तर कॅमेरा गर्दीतून एकेका ठेल्यावर जाऊन थांबावा तशी. अशा संगीतात मॅकेलाची नजर लखलखते. प्रत्येक चौकट वेगळ्या उजेडात.

ऑस्लोबरोबरचं सोव्हिएत संगीतकार शोस्ताकोविचच्या चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या सिंफनीचं ध्वनिमुद्रण 2024 मध्ये आलं. त्यातली चौथी ही तासभराची अवाढव्य, मुद्दाम विस्कटलेली रचना. 1936 मध्ये तालमी चालू असताना मागे घ्यावी लागली आणि डिसेंबर 1961 पर्यंत वाजली नाही. या सिंफनीत विचार मध्येच तुटतात, मार्चमधून वॉल्ट्झ उगवतो, कुणी कुणाचं उत्तर देत नाही. तिथे सांधे सांधायला जाणाराच फसतो. मॅकेला जात नाही, आणि म्हणून मला ती त्याची आजवरची सर्वांत पटणारी कामगिरी वाटते. यात ऑस्लोचा वाटाही आहे. सिबेलियसच्या संचानंतर त्यांची एकत्र वर्षं वाढली होती. एकमेकांची सवय झालेला ऑर्केस्ट्रा कंडक्टरच्या मनातलं अर्धं वाक्य स्वतःच पुरं करतो.

माझं म्हणणं एवढंच, की शैली म्हणून मॅकेला हा जुळवणीच्या संगीताचा माणूस आहे. मुरत जाणाऱ्या संगीताचा अजून व्हायचा आहे. आणि त्याला मिळालेल्या दोन नव्या घरांचं, ॲमस्टरडॅम आणि शिकागोचं, नाव झालंय ते मुरणाऱ्या संगीतावर. माहलर, ब्रुकनर, ब्राह्म्स या संगीतकारांवर.

वयाचा दोष नाही

‘फार लहान आहे’ हा आक्षेप इतिहास पाहिला तर टिकत नाही. कॉन्सर्टगेबाऊ ऑर्केस्ट्रा 1888 चा. 1895 मध्ये विलेम मेंगेलबर्ग तिथे प्रमुख झाला तेव्हा 24 वर्षांचा होता. सायमन रॅटल 1980 मध्ये बर्मिंगहॅमच्या ऑर्केस्ट्राकडे गेला तेव्हा 25 चा. आणि आपल्या मुंबईचे झुबिन मेहता. 1936 चा जन्म, वडील मेहली मेहतांनी उभा केलेला बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा घरातच ऐकत वाढलेले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला, पंचविशीच्या आसपास, त्यांच्याकडे माँट्रियल आणि लॉस एंजेलिस असे दोन ऑर्केस्ट्रा एकदम होते. लॉस एंजेलिसची गोष्ट तर नाट्यमयच. तिथे येऊ घातलेल्या जॉर्ज शोल्टींना न विचारता मेहतांना साहाय्यक नेमलं, शोल्टी रागावून गेले आणि खुर्ची मेहतांकडे आली. तेच शोल्टी पुढे 1969 मध्ये शिकागोला आले आणि बावीस वर्षं राहिले.

या नावांत वयापेक्षा दुसरी गोष्ट डोळ्यांत भरते. ही माणसं नांदली. मेंगेलबर्ग ॲमस्टरडॅममध्ये पन्नास वर्षं. रॅटल बर्मिंगहॅममध्ये अठरा वर्षं. मोठी घरं खुणावत असतानाही हलला नाही. मेहतांनी विमानं कमी पकडली असं कुणी म्हणणार नाही, पण लॉस एंजेलिसला सोळा वर्षं दिली आणि इस्रायल फिलहार्मोनिकशी तर 2019 पर्यंत सुमारे अर्धं शतक बांधलेले राहिले. खुद्द ऑस्लोला जगाच्या नकाशावर आणलं ते मारिस यानसन्सनी, 1979 ते 2000. सभागृहाच्या ध्वनिगुणांवरून भांडण होऊन गेले, पण एकवीस वर्षांनी! नंतर तेही कॉन्सर्टगेबाऊचे झाले.

मॅकेला ऑस्लोत 2020 ते 2027 आणि पॅरिसमध्ये 2021 ते 2027. म्हणजे सात आणि सहा वर्षं, आणि तीही एकाच वेळी. दोन्ही ठिकाणी तो 2027 मध्ये उठणार आहे. पॅरिसची खुर्ची सालोनेनकडे जायची आहे, म्हणजे घराण्यातच राहिली म्हणा.

2027 चा हिशेब

ॲमस्टरडॅम आणि शिकागो, दोन्ही खुर्च्या 2027 पासूनच्या. शिकागोचा करार पाच हंगामांचा. वर्षाला किमान 14 आठवडे, त्यांत 4 दौऱ्याचे. ॲमस्टरडॅमला किमान 12 आठवडे. बेरीज 26, म्हणजे बरोबर अर्धं वर्ष. उरलेल्या अर्ध्यात पाहुणचाराचे कार्यक्रम, चेलो, अटलांटिकवरचे प्रवास, आणि नव्या संहिता वाचणं. माहलरची आठवी सिंफनी घ्या. सुमारे ऐंशी मिनिटं, दोन मोठे गायकवृंद, मुलांचा वृंद, आठ एकलगायक. मे 2025 मधल्या ॲमस्टरडॅमच्या माहलर महोत्सवात मॅकेलाने ती कॉन्सर्टगेबाऊबरोबर केली, पहिलीही केली. असा पहिला महोत्सव 1920 मध्ये झाला होता, मेंगेलबर्गच्या तिथल्या पंचवीस वर्षांच्या निमित्ताने. 2025 च्या महोत्सवात शिकागो सिंफनीही त्याच सभागृहात वाजवायला आली होती, डच कंडक्टर याप फान झ्वेडेनच्या हाताखाली. भावी संसाराची दोन्ही घरं एका मांडवात, आणि नवरदेव एकाच घरचा पाहुणचार घेतोय.

26 आठवड्यांत संगीत बसवता येतं. माझी शंका संगीताबाहेरच्या कामाची आहे. अमेरिकेत म्युझिक डायरेक्टर म्हणजे नुसता कंडक्टर नसतो. देणगीदारांबरोबर जेवणं असतात, शहरातल्या शाळा असतात, हंगामाची आखणी असते. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे भरती. एक व्हायोलिनवादक निवृत्त होतो. जागेसाठी अर्ज येतात. उमेदवार पडद्यामागे वाजवतो, समिती पडद्याच्या अलीकडे बसून ऐकते, नाव-गाव-रूप कळू नये म्हणून. शेवटच्या फेऱ्यांत म्युझिक डायरेक्टर लागतो. मग निवडलेला माणूस आधी परीक्षेवर वाजवतो, आणि त्याला कायम करायचं की नाही, यातही डायरेक्टरचा शब्द मोठा. निवडलेला वादक कदाचित पुढची तीस वर्षं त्या खुर्चीत बसणार असतो. ऑर्केस्ट्राचा आवाज असा घडतो, एकेका निवृत्तीने आणि एकेका नेमणुकीने. शिकागोच्या पितळी वाद्यांची जी ख्याती आहे, ती कुणा पाहुण्याने एका आठवड्यात आणलेली नाही.

पाहुण्याला आणखी एक सुख असतं. त्याला कुणालाही वाईट बातमी सांगावी लागत नाही. ज्येष्ठ ओबोवादकाचा श्वास आता पुरत नाही, हे त्याच्या तोंडावर कुणी सांगायचं? घरच्याने. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना आवडणारा माणूस पाचव्या वर्षी कुणाला तरी नावडता होतोच, व्हावाच लागतो. ऑस्लो-पॅरिसमध्ये याची चव त्याला मिळाली असेलही. शिकागोत ताटभर वाढून ठेवलेली असेल.

मी मात्र त्याच्या विरुद्ध पैज लावणार नाही. ज्याच्या हातात एवढा स्वच्छ इशारा आहे आणि ज्याच्या कानाला पोत कळतो, त्याला बढत जमणारच नाही असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? चौथ्या शोस्ताकोविचने मला एकदा गप्प केलंच आहे.

माझी कसोटी मी ठरवून ठेवली आहे. 2027 नंतरचा तिसरा किंवा चौथा हंगाम येऊ द्यावा. ॲमस्टरडॅम किंवा शिकागो, कुठेही, त्याने पुन्हा सिबेलियसची पाचवी घ्यावी. तोवर ती कुजबुज नि तो बसून पाठ झालेला असेल, तिकडे मी फार लक्ष देणार नाही. त्यापुढची चढण आली की कान टवकारून बसेन. वेग वाढला हे मला संपल्यावर कळलं, तर दुसऱ्यांदा लावून पाहीन.